दोन पानांचे वजन : डॉ. शंभुनाथ दे आणि उल्लेखांचे गणित

आपल्या शाळेत जवळजवळ प्रत्येक गोष्टीला गुण आहेत. ड्रिलला आहेत, क्रॉसकंट्रीला आहेत, वादविवादाला आहेत. इतकेच काय, पलंगावरच्या चादरीला सुरकुती दिसली तरी गुण कापले जातात. सत्र संपले की हाउसच्या फलकावर बेरीज लागते आणि कोण पुढे, कोण मागे हे लांबूनही वाचता येते. फौजेत तर छातीवरच्या रिबनी पाहून अधिकारी कुठे कुठे जाऊन आला हे जाणकाराला बोलण्याआधीच कळते.

मग वैद्यकीय संशोधकाचे काय? सर्जनने किती शस्त्रक्रिया केल्या हे मोजता येते. पण जो वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत जंतू वाढवतो, ससे पाळतो आणि काचपट्ट्या पाहतो, त्याचे काम मोठे की लहान हे कोण ठरवणार, आणि कशावरून? आज जगभर याचे एक ठरलेले उत्तर आहे. त्याने किती शोधनिबंध छापले, कोणत्या नियतकालिकांत छापले, आणि नंतर इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हे पाहायचे. या मोजणीचा उपयोग नेमणुकीत होतो, बढतीत होतो, अनुदान देतानाही होतो. म्हणून ती कशी चालते आणि कुठे फसते हे समजून घेण्यासारखे आहे. नुसते नियम सांगितले तर वाचक पान उलटतील, त्यामुळे एका माणसाच्या कामावरून ते सांगतो. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे.

आधी उल्लेख म्हणजे काय ते पाहू. संशोधक निबंध लिहितो तेव्हा आपण कोणाकोणाच्या आधीच्या कामावर उभे आहोत हे शेवटी यादी देऊन सांगतो. ही पद्धत जुनी आहे. त्या यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे कोणाच्या तरी नावावर पडलेला एक उल्लेख. इंग्रजीत त्याला सायटेशन म्हणतात. निबंधाच्या यादीवरून आपण मागे जाऊ शकतो, पण पुढे जाता येत नाही. १९५३ सालचा निबंध हातात असेल तर त्याने १९४०च्या कोणत्या कामाचा आधार घेतला हे दिसते. १९६३ साली त्याचा आधार कोणी घेतला हे मात्र त्यात कुठून दिसणार?

हे पुढचे पाहता यावे म्हणून अमेरिकेतले युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक कल्पना मांडली. तिचे मूळ कायद्यात होते. अमेरिकी वकिलांकडे अशी पुस्तके असत, ज्यांत एखाद्या जुन्या निकालाचा दाखला नंतरच्या कोणत्या निकालांत दिला गेला, हे नोंदलेले असे. गारफील्ड म्हणाले, हेच विज्ञानासाठी करू. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापायला सुरुवात केली. गावातली एखादी विहीर किती कामाची आहे हे तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटांवरून कळते, तसेच हे. पाणी गोड की मचूळ हे पायवाट सांगत नाही. लोक तिथे जातात, एवढेच सांगते.

आता रोगाकडे वळू, कारण तो समजल्याशिवाय दे यांनी काय केले ते समजणार नाही.

कॉलऱ्याला माझी आजी अजून पटकी म्हणते. महाराष्ट्रात गावाच्या वेशीजवळ मरीआईचे देऊळ दिसते, त्यामागे या रोगाची भीती आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रांमधून तो गावोगाव पसरत असे. फौजांनाही त्याने सोडले नाही. १८१७च्या नोव्हेंबरात, म्हणजे ज्या महिन्यात खडकीची लढाई झाली त्याच महिन्यात, पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्याला बुंदेलखंडात कॉलऱ्याने गाठले. शत्रूची गोळी न लागता हजारो माणसे छावणीत मेली. तीव्र कॉलऱ्यात रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब होतात, डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जाऊ शकतो.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यातच या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला. इटलीच्या फिलिपो पाचिनी यांनी तो १८५४ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. जंतू आतड्यातच राहतो, रक्तात जात नाही, तरी माणूस मरतो. म्हणजे तो काहीतरी विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण विष काही सापडेना. संशोधक जंतूंचे द्रावण प्राण्यांच्या शिरेत टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी मरत, पण कॉलऱ्याने नाही. जुलाब व्हायचेच नाहीत. विषाची कल्पना हळूहळू मागे पडली. १९४७ साली ऑस्ट्रेलियाचे मॅकफर्लेन बर्नेट यांनी दाखवले की या जंतूमुळे आतड्याचा आतला थर सुटून येतो. बर्नेट यांचे नाव मोठे होते, पुढे त्यांना नोबेलही मिळाले. त्यामुळे आतड्याचे अस्तर सोलवटते आणि तिथून पाणी पाझरते हे चित्र बऱ्याच जणांच्या मनात पक्के झाले.

शंभुनाथ दे यांचा जन्म १९१५ सालचा, बंगालच्या हुगळी जिल्ह्यातला. १९३९ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाले. पुढे लंडनला रॉय कॅमेरॉन या विकृतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी, रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला ते शोधण्याचे शास्त्र. लंडनमधले त्यांचे काम कॉलऱ्यावरचे नव्हते. कॉलऱ्याकडे ते कलकत्त्याला परतल्यावर वळले. ज्या गावात रोग आहे त्या गावात त्याचा अभ्यास करायचा, यात मला तरी सरळ शहाणपण दिसते.

१९५३ साली दे आणि डी. एन. चटर्जी यांनी एक निबंध छापला. प्रयोग असा होता. सशाला भूल देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, म्हणजे मध्ये एक बंद पिशवी तयार होते. आतडे कापायचे नाही, रक्तपुरवठा तोडायचा नाही. त्या पिशवीत कॉलऱ्याचे जंतू असलेले द्रावण टोचायचे, पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. जंतू घातलेली पिशवी पाण्याने टम्म फुगलेली असे. जंतू न घातलेली तशीच रिकामी राही. इतकी वर्षे लोक रक्तात आणि पोटाच्या पोकळीत टोचत होते. दे यांनी रोग जिथे होतो त्याच जागी जंतू ठेवला. सुई, दोरा आणि ससा एवढ्यावर कॉलऱ्याचे मुख्य लक्षण प्रयोगशाळेत दिसू लागले.

तीन वर्षांनी दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच बांधलेल्या आतड्याची पद्धत ई. कोलाय या जंतूसाठी वापरली. पोटाचा विकार झालेल्या रुग्णांतले काही ई. कोलायही पिशवी फुगवतात असे त्यांना दिसले. याचे महत्त्व पुढे फार वाढले, कारण लहान मुलांच्या आणि प्रवाशांच्या जुलाबांमागे असेच ई. कोलाय असतात हे नंतर स्पष्ट झाले.

मग आले १९५९. दे तेव्हा कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. त्यांनी कॉलऱ्याचे जंतू द्रावणात वाढवले, मग ते द्रावण इतक्या बारीक गाळणीतून गाळले की एकही जंतू पलीकडे जाऊ नये. उरलेले पाणी सशाच्या आतड्याच्या पिशवीत टोचले. जंतू नव्हते, तरी पिशवी फुगली. म्हणजे जंतूने द्रावणात काहीतरी सोडले होते आणि त्या सोडलेल्या पदार्थात पाणी खेचून आणण्याची ताकद होती. कॉख यांचा तर्क पंचाहत्तर वर्षांनी खरा ठरला, आणि तोही त्याच शहरात. हा निबंध ‘नेचर’च्या १८३व्या खंडात १५३३ आणि १५३४ या दोन पानांवर छापला गेला. लेखक एकच, एस. एन. दे.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतून एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांचाही निबंध आला. त्यांनी फोडलेल्या जंतूंचा अर्क सशाच्या पिलांना तोंडावाटे दिला आणि पिलांना जुलाब झाले. दे यांचा प्रयोग जंतूंनी बाहेर सोडलेल्या पदार्थाचा होता, मुंबईचा जंतूंच्या आतल्या अर्काचा. देशाच्या दोन टोकांना, दोन वेगळ्या वाटांनी लोक एकाच विषापर्यंत पोहोचले होते. मराठी वाचकांना पानसे आणि कुलकर्णी ही नावे इथे भेटावीत म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता अपेक्षा अशी की ‘नेचर’मध्ये छापून आल्यावर जग हलले असेल. तसे झाले नाही. बर्नेट यांचे चित्र लगेच पुसले गेले नाही. १९६० साली युजीन गँगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँकॉकमधल्या रुग्णांच्या आतड्यांचे जिवंत नमुने तपासले आणि अस्तर शाबूत असल्याचे दाखवले. म्हणजे पाणी जखमेतून गळत नव्हते, धडधाकट आतडे ते स्वतः बाहेर टाकत होते. १९६१ मध्ये इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ निघाली, तेव्हा मोठ्या देशांचे लक्ष या रोगाकडे वळले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जॉन क्रेग यांनी रुग्णांच्या जुलाबात आणि गाळलेल्या द्रावणात विषारी घटक असल्याचे दाखवले. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मग कॉलरा टॉक्सिन हा एक स्वतंत्र अभ्यासविषयच झाला. त्याचे सहा भाग असतात. पाच भाग आतड्याच्या पेशीला चिकटतात, सहावा आत शिरून पेशीचे क्षार बाहेर टाकणारे यंत्र चालू करतो आणि ते बंद करायची सोयच मोडून टाकतो. नळ उघडावा आणि चावी तोडून फेकावी तसे. क्षार बाहेर, त्यामागून पाणी बाहेर.

या सगळ्याच्या मुळाशी दे यांची दोन पाने होती. पण ती पाने वाचली जाऊ लागली ती दुसऱ्यांच्या कामाला गती आल्यावर. उल्लेखांच्या शास्त्रात अशा निबंधांना एक गमतीदार नाव आहे : निद्रिस्त सुंदरी. हॉलंडचे अँथनी व्हॅन रान यांनी २००४ मध्ये ते रूढ केले. निबंध छापून येतो, बराच काळ झोपून राहतो, मग कोणी तरी येऊन त्याला उठवतो.

आता दे यांचे काम मोजणीच्या नेहमीच्या तागड्यांत टाकून पाहू.

पहिली तागडी इम्पॅक्ट फॅक्टर. ही खरे तर नियतकालिकाची आहे, माणसाची नाही. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना या वर्षी मिळालेले उल्लेख घ्यायचे आणि त्या निबंधांच्या संख्येने भागायचे. खिडकी दोन वर्षांची. जो निबंध पाच-दहा वर्षांनी जागा होतो त्याचा या हिशेबात काहीच वाटा नाही. शिवाय सरासरी ही सरासरीच असते. हाउसची सरासरी चांगली म्हणून त्यातला प्रत्येक कॅडेट चांगला धावतो असे आपले पीटी उस्तादसुद्धा मानणार नाहीत. तरीही संशोधकाला ‘तू कुठे छापलेस’ यावरून तोलण्याची सवय इतकी वाढली की २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत शास्त्रज्ञांनी आणि संपादकांनी एकत्र येऊन, नियतकालिकाचा आकडा माणसाला लावू नका, असे जाहीरपणे सुचवले.

दुसरी तागडी एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये ती सुचवली. निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत जायचे. ज्या क्रमांकापर्यंत प्रत्येक निबंधाला निदान तितके उल्लेख आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. उदाहरण घेऊ, अगदी काल्पनिक. एका संशोधकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख ९००, ४००, ३, २ आणि १. त्याचा एच-इंडेक्स ३, कारण तिसऱ्या निबंधाला तीन उल्लेख आहेत, पण चौथ्याला चार नाहीत. दुसऱ्याचे वीस निबंध, प्रत्येकाला वीस उल्लेख. त्याचा एच-इंडेक्स २०. पहिल्याचे एकूण उल्लेख १३०६, दुसऱ्याचे ४००. तरी फलकावर दुसराच वर. सातत्य मोजायला ही पद्धत चांगली आहे. पण आयुष्यात एकदाच, पण खरे मोठे काम करणाऱ्याला ती ओळखत नाही. मी हे गणित प्रेपच्या वेळी वर्गमित्रांना घातले, तर निम्म्यांनी पहिल्याला अधिक गुण दिले आणि निम्म्यांनी दुसऱ्याला. वाद लाइट्स आउटपर्यंत चालला.

तिसरी तागडी साधी, एकूण उल्लेख. यातही मेख आहे. जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध कोणत्याही रोगाचे कारण सांगत नाही. तो ऑलिव्हर लोरी आणि सहकाऱ्यांचा १९५१चा, द्रावणातले प्रथिन मोजण्याची रीत सांगणारा निबंध आहे. त्याचे उल्लेख तीन लाखांच्या वर आहेत. कारण उघड आहे, रीत जो वापरतो तो नाव लिहितो. दे यांचा १९५३चा निबंधही एका अर्थी रीतीचाच होता. बांधलेल्या आतड्याची पद्धत नंतर अनेक जंतूंसाठी वापरली गेली, आणि ती वापरणारे दे यांच्याकडे बोट दाखवत राहिले.

उल्लेख म्हणजे कौतुक असेही नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा एक निबंध आला. फक्त बारा मुलांच्या माहितीवरून त्यात गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध असावा असे सुचवले होते. तो संबंध खोटा ठरला आणि २०१० मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला. पण त्याला उल्लेख भरपूर मिळाले, बरेचसे त्याच्या विरोधात. यंत्राला शिवी आणि ओवी सारखीच. काही मंडळी तर आपलेच जुने निबंध पुन्हा पुन्हा यादीत घालतात, किंवा तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो असे ठरवून टाकतात. उंटाच्या लग्नात गाढव गायला बसले आणि दोघांनी एकमेकांना अहो रूपम्, अहो ध्वनिः म्हटले, तसा तो प्रकार.

याच्या उलट, काही कामे इतकी मोठी होतात की उल्लेख थांबतो. आज कॉलऱ्याच्या जंतूबद्दल लिहिताना कॉख यांचा १८८४चा अहवाल कोणी यादीत घालत नाही. कॉलरा टॉक्सिन हा शब्द आता पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे ते विष आहे हे पहिल्यांदा कोणी दाखवले हे सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या गोष्टीला नाव दिले होते, त्याचा अर्थ साधारण असा की ज्ञानात मिसळून गेल्यामुळे नाव पुसले जाणे.

आणि काही कामे मोठी होण्याआधीच हरवतात. सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू घालण्याचा प्रयोग व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी १९१५ मध्येच केला होता आणि फ्रेंचमध्ये छापला होता. कोणी त्याचा उल्लेख केला नाही, तो विस्मरणात गेला. दे यांना त्याची माहिती नव्हती. दे जन्मले त्या वर्षी झालेला प्रयोग त्यांना स्वतःच्या डोक्याने पुन्हा शोधावा लागला. उल्लेखांची यादी म्हणजे विज्ञानाची स्मरणशक्ती आहे असे म्हणतात, ते मला इथे पटले. अडतीस वर्षे त्या स्मरणशक्तीत एक भोक होते.

कोणी विचारेल, दे यांच्या कामाने जीव वाचले का? इथे जपून बोलले पाहिजे. मीठ-साखर-पाण्याचे द्रावण, म्हणजे ओआरएस, दे यांच्या निबंधातून निघाले असे म्हणणे चूक ठरेल. त्याची वाट वेगळी आहे, साखरेबरोबर आतडे मीठ आणि पाणी आत घेते या शोधाची. पण आतडे फाटलेले नाही, फक्त फसवले गेले आहे, हे कळल्यावर तोंडाने दिलेले पाणी आत का शोषले जाते हे समजू लागते. १९७१ च्या युद्धाच्या वर्षी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा त्यांनी पिंपांतून हे द्रावण वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. त्यांचा निबंध १९७३ मध्ये छापून आला, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात १९७१ म्हटले की रणगाडे आणि ढाका येते. बनगावची छावणीही त्याच वर्षातली आहे.

दे १९७३ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. तोपर्यंत देशातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नव्हते, नंतरही केले नाही. कोणताही मोठा राष्ट्रीय पुरस्कार त्यांच्या नावावर नाही. जोशुआ लेडरबर्ग या नोबेल मिळवलेल्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले. १९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने स्टॉकहोमला कॉलऱ्यावर परिसंवाद भरवला, तिथे दे यांना बोलावणे आले. साठच्या दशकापासून आपण मेल्यात जमा होतो, या समितीने आपल्याला उकरून वर काढले, अशा अर्थाचे ते तिथे म्हणाले. १५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले.

पुढच्याच वर्षी, १९८६ च्या एप्रिलमध्ये, गारफील्ड यांनी आपल्या ‘करंट कंटेंट्स’ या पत्रिकेत लेख लिहिला. विषय होता कॉलरा संशोधनाचा नकाशा आणि त्यावर कलकत्त्याच्या शंभुनाथ दे यांचा प्रभाव. कोणते निबंध एकमेकांबरोबर उल्लेखले जातात हे पाहून त्यांनी या क्षेत्राचे नकाशे काढले, आणि सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेला १९५९चा निबंध हा कॉलरा संशोधनातला मैलाचा दगड असल्याचे सांगितले. १९९० मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने दे यांच्यावर विशेष अंक काढला, त्यात लेडरबर्ग यांनीही लिहिले. अकादम्यांनी त्यांना निवडले नाही ही फार मोठी चूक झाली, हे त्या अंकात स्पष्ट शब्दांत आले.

यातली गोम लक्षात घ्या. ज्या मोजणीने दे यांना साठच्या दशकात पुढे आणले नाही, त्याच मोजणीने पुढे त्यांचे नाव बाहेर काढले. मोजणी खोटे बोलत नव्हती. तेव्हा लोक पाहत नव्हते, म्हणून तिच्यात काही दिसत नव्हते. आपल्या देशात मात्र दे यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेत जाऊन ससा पाहू शकणारी माणसे होती. त्यांना कोणत्याही इंडेक्सची वाट पाहायची गरज नव्हती. हे मला सगळ्यात खटकते.

ज्यांना स्वतः पाहायचे असेल त्यांनी कॉम्प्युटर लॅबच्या तासाला गूगल स्कॉलर उघडावे आणि निबंधाचे नाव टाकावे, ‘एन्टरोटॉक्सिसिटी ऑफ बॅक्टेरिया-फ्री कल्चर-फिल्ट्रेट ऑफ व्हिब्रिओ कॉलरी’. अर्थात इंग्रजी स्पेलिंगने. नावाखाली उल्लेखांचा आकडा दिसतो, त्यावर क्लिक केले की उल्लेख करणाऱ्या निबंधांची यादी उघडते. बाजूला वर्षांची मर्यादा घालायची सोय असते. आधी १९५९ ते १९६४ टाका, मग १९६५ ते १९७५, आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. नुसता आकडा पाहू नका, दोन-चार निबंध उघडून त्यांनी दे यांचे नाव कोणत्या वाक्यात घेतले आहे तेही बघा.